पॉइंट टू-टू रायफल: किंमत, माप आणि तोल

एका काडतुसाचे 35 रुपये धरा. 50 मीटर थ्री पोझिशनच्या सामन्यात गुडघ्यावर बसून 20, पालथे झोपून 20 आणि उभे राहून 20 असे 60 शॉट मोजले जातात. सुरुवातीला आणि पोझिशन बदलल्यावर नेम जुळवायला मारलेले शॉट वेगळे. मिळून 80 काडतुसे सहज जातात, म्हणजे दीड तासात 2,800 रुपये. ज्या घरात रायफल घेण्याचा विचार चालू आहे, त्या घराने हा आकडा आधी भिंतीवर लावावा आणि मग दुकानदाराला फोन करावा.

कारण 1 ऑगस्ट 2024 नंतर फोन वाढले. त्या दिवशी पॅरिसला कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने याच प्रकारात 451.4 गुणांसह ऑलिंपिक कांस्य मिळवले. या प्रकारातले भारताचे ते पहिलेच ऑलिंपिक पदक. कुसाळे मध्य रेल्वेचा कर्मचारी, त्यामुळे भुसावळच्या रेल्वे वसाहतीत त्या पदकाचे कौतुक जरा जास्तच झाले असणार. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने 2010 मध्ये म्युनिकला 50 मीटर प्रोनमध्ये, म्हणजे पालथे झोपून मारायच्या प्रकारात, जागतिक विजेतेपद मिळवले होते. मात्र कोल्हापूर, पुणे, मुंबई इथला खर्च आणि जळगाव-धुळ्याचा खर्च यांत फरक आहे. तो रायफलीच्या किमतीत नाही, तिच्याभोवतीच्या खर्चात आहे.

आधी हे ठरवा की .22 हवीच आहे का

10 मीटर एअर रायफलचे एक पेलेट दोन ते तीन रुपयांना पडते. रेंज एखाद्या लांब हॉलमध्ये उभी राहते. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 जूलपेक्षा जास्त ताकद नसलेल्या एअर रायफलला शस्त्र परवाना लागत नाही. .22 रिमफायर म्हणजे खरे काडतूस, खरे शस्त्र. परवान्याशिवाय ती घरात ठेवणे हा गुन्हा. आणि तिला 50 मीटरची रेंज लागते, मागे भक्कम बांध असलेली.

खानदेशात .22 हातात घेतलेली मुले कमी नाहीत. जळगावच्या 18 महाराष्ट्र आणि धुळ्याच्या 48 महाराष्ट्र बटालियनच्या एनसीसी कॅडेटना फायरिंगला ती मिळते. त्या रायफली सैनिकी सरावाच्या आहेत: साधा लाकडी दस्ता, उघडी साईट, माप सगळ्यांना एकच. तिथे ग्रुप, म्हणजे निशाणावरचा गोळ्यांचा पुंजका, चांगला पडला तर मुलात नजर आणि शांतपणा आहे एवढे कळते, आणि तेवढे कळायला एक रुपयाही लागत नाही. त्यानंतरची पायरी एअर रायफल. क्लबच्या रायफलीवर निदान वर्षभर, जमल्यास राज्य स्पर्धेपर्यंत. उभे राहून मारण्याची सगळी विद्या तिथे शिकता येते, आणि गुण जातात तेही उभ्या पोझिशनमध्येच. कुसाळेचे पॅरिसच्या पात्रता फेरीतले 590 गुण असे होते: गुडघ्यावर 198, प्रोन 197, उभे राहून 195. ऑलिंपिक पदकविजेत्याचीही उतरंड हीच असेल, तर नवख्याने कुठे मेहनत करायची हे वेगळे सांगायला नको.

माझे स्पष्ट मत: एअर रायफलवर राज्य स्पर्धेची पात्रता आल्याशिवाय .22 वर स्वतःचे पैसे घालू नयेत. दुकानदार याच्या उलट सांगेल.

परवाना

जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्ह्यांत पोलिस आयुक्तालय नाही, म्हणून अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. शस्त्र नियम 2016 प्रमाणे अर्जाचा नमुना ए-1. सोबत सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला एस-1, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी एस-2 आणि वैद्यकीय दाखला एस-3. खेळाडू म्हणून अर्ज करणाऱ्याने जिल्हा किंवा राज्य रायफल संघटनेचे सदस्यत्व आणि स्पर्धांची गुणपत्रके जोडावीत. पोलिस चौकशी होते, आणि ती अर्जदाराच्या घाईने होत नाही. 21 वर्षे पूर्ण नसतील तर शस्त्र कायद्याच्या कलम 9 मुळे बंदुकीचा नेहमीचा परवाना मिळत नाही. कमी वयाच्या नेमबाजासाठी देखरेखीखाली सराव करण्याची तरतूद आहे. म्हणजे अकरावीतल्या मुलासाठी ‘बापाच्या नावावर घेऊन टाकू’ हा बेत आखण्याआधी संघटनेच्या सचिवांशी बसून बोलावे.

परवान्यावर दोन गोष्टी नीट लिहून घ्या. एक, क्षेत्र: फक्त महाराष्ट्र लिहिले असेल तर राष्ट्रीय स्पर्धेला दिल्ली किंवा भोपाळला रायफल नेताना अडचण होईल. दुसरी, काडतुसांची संख्या: एका वेळी किती आणि वर्षाला किती. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर लिहितात तशी मोजकी संख्या खेळाडूच्या परवान्यावर पडली, तर दोन आठवड्यांत सराव बंद.

सरकारी शुल्क या सगळ्या खर्चात नगण्य आहे. वैद्यकीय दाखला, प्रशिक्षण, झेरॉक्स आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खेपा धरल्या तरी मोठी रक्कम होत नाही. इथे खरा खर्च महिन्यांचा होतो.

रायफल: नवी की वापरलेली

मोठ्या स्पर्धांत दिसणाऱ्या .22 रायफली बहुतेक जर्मन असतात. अँशुट्झ आणि वॉल्थर हे दोन्ही कारखाने उल्म शहरातले, फाइनवेर्कबाऊ ओबेर्नडॉर्फचा. ॲल्युमिनियम दस्त्याची नवी मॅच रायफल युरोपातच साधारण चार-पाच हजार युरोंना जाते आणि युरो शंभर रुपयांच्या घरात आहे. वाहतूक, कर आणि विक्रेत्याचा नफा धरून साडेपाच ते आठ लाखांची तयारी ठेवा. थेट आयातीच्या सवलती ठरावीक गुणांची पातळी गाठलेल्या नेमबाजांसाठी आहेत, पहिल्या वर्षाच्या खेळाडूसाठी नाहीत. तेव्हा कोणी ‘ड्युटी फ्री मिळवून देतो’ म्हणाला, तर कोणाच्या नावावर ते आधी विचारा.

वापरलेली चांगली रायफल अडीच ते साडेचार लाखांत मिळू शकते, आणि पहिल्या खरेदीसाठी मी तिकडेच झुकेन. .22 च्या शिशाच्या मऊ गोळीने नळी झिजायला फार वर्षे लागतात, लाख-लाख शॉट मारलेल्या नळ्या अजून दहात मारतात. खराबी होते ती चेंबरच्या तोंडापाशी: जळलेल्या दारूचा कडक कार्बन तिथे कड्यासारखा बसतो, आणि त्याच्या पुढे नळीच्या खालच्या बाजूला झीज होते. बोअरस्कोप घेऊन कोणी जाणता बघणार असेल तर उत्तम. नसेल तर रायफल पक्क्या बैठकीवर ठेवून 50 मीटरवर दहा-दहा शॉटचे चार-पाच ग्रुप मारून दाखवायला सांगा. निशाणपत्रावर दहाच्या वर्तुळाचा व्यास 10.4 मिलिमीटर असतो. योग्य काडतुसाने दहा गोळ्यांचा ग्रुप त्याच्या आसपास बसला पाहिजे. विकणारा ‘काडतूस बरोबर नाही’ म्हणाला तर बरोबर काडतूस आणेपर्यंत थांबा.

व्यवहाराचा कायदाही आहे. एका परवानाधारकाने दुसऱ्याला शस्त्र विकण्याआधी जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलिस ठाण्याला लेखी कळवायचे आणि त्यानंतर निदान 45 दिवस थांबायचे. आगाऊ रक्कम दिलीत तर या 45 दिवसांचा उल्लेख असलेली पावती घ्या. व्यवहार फिसकटला तर पैसे किती दिवसांत परत, हेही त्याच कागदावर.

माप आणि तोल

आता मुख्य भाग. पाच लाखांची रायफल खोक्यातून निघते ती कोणाच्याच मापाची नसते. ती अंगाला बसवायला लागणारे पैसे फार थोडे आहेत, वेळ मात्र भरपूर लागतो. आपल्याकडे उलटे होते: रायफल घेताना कर्ज काढतात आणि मग ती कारखान्यातून आली तशीच वर्षभर चालवतात.

क्रम महत्त्वाचा आहे. वजनाला शेवटी हात लावायचा. आधी शरीराची पोझिशन, मग खांद्याला टेकणारी बट प्लेट, मग गालाची पट्टी म्हणजे चीक पीस, मग साईटची उंची, मग पुढच्या हाताला आधार देणारा हँडस्टॉप किंवा पाम रेस्ट, आणि सगळे जागेवर बसल्यावर तोल. हे काम घरी, भिंतीकडे तोंड करून, रिकाम्या रायफलीने होते. बोल्ट उघडा, चेंबर बघा, सुरक्षा झेंडी घाला, काडतुसे दुसऱ्या खोलीत.

बट प्लेटची लांबी बघताना डोळे मिटून रायफल खांद्याला लावा, दोन श्वास घ्या, डोळे उघडा. साईटमधून दिसण्यासाठी मान पुढे ताणावी लागली तर दस्ता लांब. नाक मागच्या साईटला टेकू लागले तर आखूड. चीक पीसवर डोक्याचा भार पडला पाहिजे, गाल दाबावा लागता कामा नये. मान वाकवून साईटपर्यंत जायचे नाही, साईट डोळ्यापर्यंत आणायची. त्यासाठी पुढच्या-मागच्या साईटखाली उंची वाढवणारे ठोकळे मिळतात. उंच, लांब मानेच्या मुलांना ते बहुधा लागतातच. दुर्बीण चालत नाही. डायऑप्टर म्हणजे बारीक छिद्राची मागची साईट आणि पुढे रिंग. चष्मा असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांना पुढची रिंग डोळ्यापासून किती अंतरावर असते ते टेपने मोजून सांगा. वाचायच्या आणि दूरच्या नंबरच्या मधला नंबर लागू शकतो.

यानंतर तोल. नियमाप्रमाणे 50 मीटर रायफलीचे वजन सर्व जोडण्यांसह 8 किलोच्या वर जाता कामा नये. भाजीवाल्याकडे असतो तसला लटकता डिजिटल काटा चार-पाचशे रुपयांना येतो. पट्ट्यात अडकवून रायफल तोला, आकडा लिहा. मग टेबलावर इंचभर व्यासाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा ठेवा, जळगावात त्याची टंचाई नाही, आणि त्यावर रायफल आडवी ठेवून पुढे-मागे सरकवत ती डुलत राहील अशी जागा शोधा. तिथे चिकटपट्टी लावा. ट्रिगरपासून त्या पट्टीचे अंतर मोजा. पोझिशनप्रमाणे बट प्लेट आणि पाम रेस्ट बदलतात, म्हणून हे तिन्ही पोझिशनच्या जुळणीत वेगवेगळे मोजायचे.

उभ्या पोझिशनमध्ये स्लिंग, म्हणजे हाताला अडकवायचा पट्टा, नसतो. डाव्या हाताचे कोपर बरगडीला किंवा कमरेच्या हाडाला टेकलेले, त्यावर रायफल. तोलाची जागा आधाराच्या हाताच्या मागे गेली तर रायफल उलार होते. बैलगाडीत मागे पोती जास्त भरली की जू वर उचलले जाते, तशी नळी वर उठते आणि ती खाली ठेवायला उजवा हात काम करू लागतो. त्या हाताने फक्त ट्रिगर दाबायचा असतो. तोल फार पुढे गेला तर नळी हळू हलते हे खरे, पण प्रत्येक शॉटला ती खाली बसते आणि चाळिसाव्या मिनिटाला कंबर बोलू लागते. सुरुवातीला तोलाची जागा हाताच्या दोन-तीन बोटे पुढे ठेवावी. मग बट थोडा वर उचलू पाहतो, आणि काखेखाली आलेला बट प्लेटचा हूक त्याला धरून ठेवतो. रायफल दोन जागी टेकते, स्नायूंना काम उरत नाही. प्रोनमध्ये स्लिंग भार घेतो, म्हणून तिथे पुढचे वजन खपते. गुडघ्यावरची पोझिशन या दोहोंच्या मध्ये.

किती वजनाने किती फरक पडतो, याचा हिशेब शाळेतल्या विज्ञानाचा आहे. 7 किलोच्या रायफलीला तोलाच्या जागेपासून 70 सेंटिमीटर पुढे 100 ग्रॅम लावले, तर तोल साधारण 1 सेंटिमीटर पुढे सरकतो. तोच तोल परत जागेवर आणायला 35 सेंटिमीटर मागे 200 ग्रॅम लागतील. एकूण वजन 300 ग्रॅमने वाढले, तोल जिथल्या तिथे, मग उपयोग काय? उपयोग असा की टोकांना लावलेले वजन रायफल गिरकी घेण्याला विरोध करते. हा विरोध अंतराच्या वर्गाने वाढतो, अंतर दुप्पट तर परिणाम चौपट. म्हणून स्थिरता हवी असेल तर थोडे वजन दूर लावावे, पुष्कळ वजन मधोमध लावण्यात अर्थ नाही. किरकोळ बांध्याच्या मुलीला मात्र साडेसहा किलोची नीट तोललेली रायफल आठ किलोच्या चढवलेल्या रायफलीपेक्षा जास्त गुण देईल. आठ ही कमाल मर्यादा आहे, तिथपर्यंत गेलेच पाहिजे असे कुठे लिहिलेले नाही.

आयात केलेली छोटी वजने एकेक दोन-तीन हजारांना पडतात. ती घेण्याची गरज नाही. 30 मिलिमीटर व्यासाच्या पितळी सळईचा 17 मिलिमीटरचा तुकडा साधारण 100 ग्रॅम भरतो. जळगाव एमआयडीसीत किंवा धुळ्याच्या अवधानला कोणताही लेथवाला तो कापून, कडा मारून, मधे आटे पाडून देईल. मोजून-मापून सहा तुकडे, 50 आणि 100 ग्रॅमचे, हजार-दीड हजारात होतात. आट्याचे माप रायफलीसोबतच्या पुस्तिकेतून घ्या. नळीवर लावायचे वजन नळीच्या मध्यापासून 30 मिलिमीटर त्रिज्येच्या आत राहिले पाहिजे, नाहीतर स्पर्धेच्या उपकरण तपासणीत अडकाल. लेथवाल्याकडे जाताना फक्त माप न्या, रायफल नको. नळी, चेंबर, बोल्ट, ट्रिगर यांना परवानाधारक बंदूक-दुरुस्तीवाल्याशिवाय कोणाचा हात लागू द्यायचा नाही. तो कायद्याचा प्रश्न आहे आणि जिवाचाही.

वजन लावले की लगेच मत बनवू नका. एका वेळी एकच बदल, त्यावर निदान तीन-चार सत्रे, निम्मी रिकाम्या रायफलीने. वही ठेवा: तारीख, पोझिशन, एकूण वजन, तोलाचे अंतर, ग्रुप. ग्रुप उभा लांबला तर श्वास, बटची जागा किंवा तोल बघा. आडवा पसरला तर आधी पाय बघा, शरीर निशाणाकडे आपोआप वळलेले नसते आणि खेळाडू हाताने ओढून आणत असतो. त्यावर वजन हा उपाय नाही. नेमाची रेघ संगणकावर दाखवणारी स्कॅट यंत्रे दीड-दोन लाखांच्या पुढे जातात. ज्या क्लबकडे आहे तिथे महिन्यातून एकदा वापरू द्या म्हणावे, विकत घेऊ नये.

एक जिन्नस मात्र घ्यावा: टॉर्क पाना. ॲक्शन दस्त्याला धरणारे स्क्रू पुस्तिकेत दिलेल्या आकड्याइतकेच घट्ट हवेत. ‘हाताच्या अंदाजाने’ आवळलेले स्क्रू ग्रुप मोठा करतात आणि खेळाडू महिनाभर स्वतःला दोष देत बसतो. पाना तीन ते पाच हजारांना येतो. दस्ता लाकडी असेल तर पावसाळ्याच्या आधी आणि नंतर हे स्क्रू तपासायचेच.

वाढत्या वयाच्या मुलामुलींचे माप दर सहा महिन्यांनी पुन्हा घ्यावे लागते. सगळ्या खुणा पेन्सिलने किंवा पट्टीने करा, कोरून नाही.

काडतुसे आणि उन्हाळा

भुसावळजवळ वरणगावला काडतुसांचा सरकारी कारखाना आहे, आता तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेडमध्ये मोडतो. तिथे बनते ते सैन्याच्या रायफलींचे. खानदेशातला नेमबाज त्या कारखान्यावरून जातो आणि काडतुसे मागवतो इंग्लंडची एली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, लापुआ किंवा एसके. सरावाच्या दर्जाचे काडतूस वीस-पंचवीस रुपयांपासून, सामन्याचे उत्तम चाळीस ते साठपर्यंत, आणि भाव आयातीप्रमाणे हलतात. म्हणून मी वर मधला 35 धरला.

आठवड्याला 200 शॉट म्हटले तर 7,000 रुपये, महिन्याला 28,000. हा आकडा बहुतेक घरांना परवडणारा नाही आणि तेवढे मारायची गरजही नाही. आठवड्यात चार दिवस रिकाम्या रायफलीने सराव, एअर रायफलवर उभी पोझिशन, आणि महिन्याला 250 ते 300 खरी काडतुसे, म्हणजे नऊ-दहा हजार. पहिल्या वर्षी एवढे पुरते.

प्रत्येक नळीला काडतुसांचा एखादा लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला साठा, आवडतो, दुसरा आवडत नाही. एकाच नावाच्या, एकाच किमतीच्या दोन लॉटमध्ये ग्रुप दुप्पट झालेला दिसतो. पाच लॉटची प्रत्येकी एक पेटी, 50 काडतुसांची, पक्क्या बैठकीवरून मारून बघा: 250 काडतुसे, 8,750 रुपये. जो लॉट जमला त्याचीच वर्षभराची खरेदी, परवान्याच्या मर्यादेत. दोन-चार जणांनी मिळून पेट्या मागवल्या तर चाचणीचा खर्च वाटला जातो, मात्र प्रत्येकाची खरेदी आपापल्या परवान्यावरच नोंदली गेली पाहिजे. हे 8,750 मला रायफलीवरच्या कोणत्याही नव्या जोडणीपेक्षा जास्त मोलाचे वाटतात.

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा 45 च्या आसपास असतो, आणि उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी जास्त. .22 च्या गोळीवर मेणासारख्या वंगणाचा थर असतो. तो मऊ झाला, पुसला गेला, त्यावर धूळ बसली की ग्रुप बिघडतो. तापलेल्या काडतुसाची गोळी थोडी वेगाने सुटते, तीही सगळ्या सारख्या नाहीत. पेट्या थर्माकोलच्या डब्यात, बर्फाशिवाय, सावलीत. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढल्यावर ओल धरतात. रेंजवर बाकावर उघडी पेटी ठेवून डबा खायला जाऊ नये. ॲल्युमिनियमचा दस्ताही उन्हात इतका तापतो की गाल लावता येत नाही. रायफलीवर पांढरा सुती पंचा टाकून ठेवावा.

रेंज, प्रवास, पोशाख

50 मीटरचा नियमित, इलेक्ट्रॉनिक निशाणांवरचा सराव करायचा तर पुण्यात बालेवाडीचे शिवछत्रपती क्रीडा संकुल किंवा मुंबईत वरळीची रेंज. धुळ्यात राज्य राखीव पोलिस दलाचा गट 6 आहे, दोन्ही जिल्ह्यांत पोलिसांच्या फायरिंगच्या जागा आहेत, पण त्या नागरिकांना मागेल तेव्हा मिळणाऱ्या सोयी नाहीत. जिल्हा संघटनेने लेखी मागणी केली, तारीख ठरवली तर काही मार्ग निघू शकतो; एकट्या पालकाने विनंती करून फार काही होत नाही.

जळगावहून पुण्याला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. धुळेकरांना एसटी किंवा चाळीसगावला जाऊन गाडी. दोन जण, दोन मुक्काम, रेंज शुल्क धरून एका खेपेला आठ-दहा हजार. महिन्यातून एक खेप धरली तर वर्षाला लाखभर, म्हणजे काडतुसांइतकेच. तेव्हा बालेवाडीला जाताना कामाची यादी घेऊन जा: लॉटची चाचणी, साईटचे आकडे, तोलाच्या बदलाची परीक्षा. पोझिशन घरी पक्की होते, रेंजवर नाही. प्रवासात बोल्ट वेगळा, रायफल कुलूपबंद पेटीत, काडतुसे स्वतंत्र, मूळ परवाना आणि स्पर्धेचे पत्र खिशात.

पोशाखात जाकीट, पँट, बूट, हातमोजा, स्लिंग आणि गुडघ्याखालचा रोल येतो. भारतीय बनावटीचा संच 30 ते 50 हजारांत, परदेशी लाखाच्या घरात. जाकिटाच्या कापडाची जाडी एका पदराला 2.5 मिलिमीटरच्या वर चालत नाही, म्हणून जुने कडक जाकीट स्वस्त मिळाले तरी आधी संघटनेच्या गेजवर मोजा. वाढत्या मुलाला भारतीय शिवणच बरी, उसवून वाढवता येते. एअर रायफलसाठी घेतलेला संच .22 ला चालतो. फक्त कोपरांना आणि गुडघ्याला पॅड असलेला घ्या.

एकूण मांडायचे तर वापरलेल्या रायफलीवर पहिले वर्ष साधारण असे: रायफल साडेतीन लाख, साईट आणि जोडण्यांची भर 40 हजार, पोशाख 40 हजार, तिजोरी, पाना, काटा, वजने मिळून 25 हजार, काडतुसे सव्वा लाख, प्रवास लाखभर, प्रवेश फी आणि किरकोळ 30 हजार. बेरीज सात लाख दहा हजार. नव्या रायफलीने ती नऊ लाखांवर जाते. दुसऱ्या वर्षापासून अडीच लाख तरी दरवर्षी. रायफल एकदाच घ्यायची असते. जी घरे मध्येच थांबतात ती या अडीच लाखांपाशी थांबतात. म्हणून कर्ज काढायचेच असेल तर रायफलीची किंमत कमी करून दोन वर्षांची काडतुसे बाजूला काढता येतात का ते बघा.

बिल, आचारसंहिता, तक्रार

बिलावर रायफलीचा क्रमांक, नळीचा क्रमांक, कर वेगळा दाखवलेला, आणि वॉरंटी कोण देणार, विक्रेता की कारखाना, हे लिहून घ्या. ‘मॅच ग्रेड’ या शब्दाला कायद्यात अर्थ नाही. कारखान्याने सोबत दिलेला चाचणी-ग्रुपचा कागद असेल तर तो मागा. त्या कागदावर काडतुसाचा लॉट असतो, तुमच्या चाचणीला सुरुवात तिथून करता येते.

निवडणूक लागली की परवानाधारकांची शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. लोकसभा, विधानसभा, महापालिका, जिल्हा परिषद धरल्या तर हे वारंवार होते. खेळाडूने स्पर्धेचे वेळापत्रक आणि संघटनेचे पत्र जोडून जिल्ह्याच्या छाननी समितीकडे सूट मागावी, आणि अर्ज आदेश निघायच्या आधी तयार ठेवावा. जमा करावीच लागली तर पोचपावतीवर साईटसह प्रत्येक जोडणी लिहून घ्या, आणि जमा करण्याआधी सगळी मापे वहीत उतरवलेली असू द्या.

विक्रेत्याने फसवले तर आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. मग जळगाव किंवा धुळ्याचा जिल्हा ग्राहक आयोग: 50 लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार तिथे चालते, 5 लाखांपर्यंत शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, तक्रार ऑनलाइनही करता येते. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला स्वतःच्या गावी तक्रार करता येते, दुकान दिल्लीत असले तरी. रोखीने, बिलाशिवाय दिलेल्या रकमेसाठी मात्र आयोगही फार काही करू शकत नाही.